लेकराला दुकानात कसं पाठवावं

नागपुरात मानेवाडा रोडवरून आत वळलं की पिठाची चक्की लागते. तिच्या बाजूला माझं किराणा दुकान. २८ वर्षं झाली. समोर शाळा, मागे तीन फ्लॅट स्कीमा, त्यामुळे गल्ल्यासमोर मोठ्यांपेक्षा पोट्टेपाट्टेच जास्त. तेव्हाचे काही आता स्वतःच्या लेकरांना खांद्यावर घेऊन येतात आणि त्यांना मला ‘आजी’ म्हणायला लावतात.

उन्हाळा लागला की कोणीतरी विचारतंच, “काकू, पोराला जरा वळण लावायचं होतं. एखादा चांगला संस्कार वर्ग सांगा ना.” मी म्हणते, आधी त्याला माझ्याकडे साखर आणायला पाठव. त्यांना वाटतं मी धंदा करून राहिली. थोडा करतेच. पण घरापासून माझ्या ओट्यापर्यंतच्या दीडशे पावलांत लेकरू एकटं असतं, मुठीत दुसऱ्याचे पैसे असतात आणि बघायला कोणी नसतं. असा प्रसंग वर्गात बसवून आणता येत नाही. श्लोक धडाधडा म्हणून दाखवणाऱ्या पोरांनी माझ्या बरणीतले पेपरमिंट उचललेले मी पाहिले आहेत, आणि ज्याला वर्गात धड उभं राहता येत नाही असा पोट्टा जास्त गेलेले १० रुपये उन्हात परत आणून देतानाही पाहिला आहे.

माझी लेक मानसशास्त्र शिकली, अमरावतीला शिकवते. ती सुट्टीत आली की दुकानात बसते आणि मी काही बोलले की “आई, यावर अभ्यास झालाय” म्हणते. तिनेच सांगितलं, अमेरिकेत १९२० च्या दशकात हार्टशोर्न आणि मे या दोघांनी हजारो शाळकरी मुलांना लबाडी करायची संधी मुद्दाम देऊन पाहिली. कधी परीक्षेत, कधी खेळात, कधी घरी. निघालं असं की एकच मूल एका ठिकाणी सचोटीने वागतं आणि दुसऱ्या ठिकाणी फसवतं. मला नवल वाटलं नाही. माझ्याकडे पै न् पै चुकती करणारा एक जण चक्कीवाल्याच्या अंगणातले पेरू पाडतो. म्हणजे ‘आमचा प्रामाणिक आहे’ किंवा ‘आमचा चोरटा निघाला’ असा शिक्का मारू नका. ज्या जागी सवय लागली, त्या जागी ती असते. बाकीच्या जागी वेगळी लावावी लागते.

आता पाठवायचं कसं ते सांगते.

वाटेत मोठा रस्ता ओलांडायचा नसेल तर दुसरीतलं लेकरू पाठवायला हरकत नाही. त्याआधी मोठ्या भावंडाबरोबर, पण पैसे लहान्याच्या हातात. मे महिन्यात भर दुपारी पाठवू नका. आपल्याकडे पारा ४५ ला जातो आणि सामान आणण्यापेक्षा सावलीत पोचण्याची घाई होते. संध्याकाळी साडेसहानंतर बरं. पहिला महिना एकच वस्तू आणि मोजून तेवढेच पैसे. मग एक वस्तू आणि परत येणारे पैसे. मग दोन-तीन वस्तू. सुरुवातीला ५०० ची नोट देऊ नका. ती हरवेल या धाकाने लेकरू वाटभर नोटच सांभाळतं, हिशेबाकडे त्याचं लक्ष राहत नाही. चिठ्ठी द्या, पण एक वस्तू तोंडीच सांगा. विसरलं तर परत पाठवा, तुम्ही उठून जाऊ नका. आणि कापडी थैली द्या. पन्नी मी मागितली तरी देत नाही.

परवाचंच सांगते. दुसरीतली पोरगी. ५० ची नोट इतक्या घड्या घालून आणली होती की उलगडायला मलाच नख लावावं लागलं. चिठ्ठीवर आईच्या अक्षरात ‘साखर अर्धा किलो’, आणि तोंडी सांगितलेला सांबार. (पुण्यामुंबईच्या वाचकांसाठी: सांबार म्हणजे कोथिंबीर. डोश्याबरोबरचा नाही.) साखर तिने मागितली. मग ओट्यावर हनुवटी टेकवून उभी राहिली. मी थांबले. मागे दोन गिऱ्हाईकं खोळंबली होती, एक जण म्हणाला, “भाजीचं असेल काही, विचारा ना.” मी नाही विचारलं. अर्ध्या मिनिटाने तिच्या नजरेला टोपली पडली आणि ती ओरडली, “सांबार! पाच रुपयांचा!” २३ आणि ५, २८. मी २२ रुपये तिच्या तळहातावर एकेक करून ठेवले, ती माझ्याबरोबर मोजत गेली. दोनचं नाणं शेवटी पडलं. ते तिने चिमटीत धरलं, बरणीकडे पाहिलं आणि अगदी हळू विचारलं, “आजी, याचं चॉकलेट घेतलं तर आईला कळंल का?”

अशा वेळी मोठी माणसं दोनच गोष्टी करतात. एक तर हसून चॉकलेट देऊन टाकतात, नाहीतर “देव पाहतो हो” म्हणतात. मी म्हटलं, “कळंल की नाही मले नाही माहीत. विचारून ये. बरणी इथंच आहे.” ती गेली. त्या दिवशी आलीच नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आली, १ रुपया मुठीत इतका घट्ट की नाणं घामाने ओलं झालं होतं. “आई म्हणाली एकाचं घे.”

यात माझं काही नाही. तिच्या आईने ‘घे’ म्हटलं, तेही एकाचं, आणि विचारल्याबद्दल ओरडली नाही, हे तिचं.

दुकानदाराला आधी सांगून ठेवायचं असतं, हे बरेच जण विसरतात. स्वतः एकदा येऊन म्हणा, “उद्यापासून ही येईल, पैसे तिच्या हातात मोजून द्या.” चांगला दुकानदार ऐकतो. वाईट दुकानदार कसा असतो तेही सांगते, कारण मीच होते. चिल्लर नसली की मी बिनदिक्कत चॉकलेट द्यायचे. अशी दहाएक वर्षं गेली. एकदा एक पोरगी चॉकलेट हातात घेऊन रडायला लागली. तिला घरी मार बसत होता, ‘पैशाचं चॉकलेट खातेस’ म्हणून. दर वेळी ते दिलेलं मीच होतं. तेव्हापासून गल्ल्याखाली डब्यात एक-दोनची नाणी भरून ठेवते. इतवारीत माल आणायला गेले की मस्कासाथेतल्या व्यापाऱ्याकडून चिल्लर मागून आणते, तो वैतागतो.

लेकरू परत आलं की काय करायचं, हा भाग पाठवण्याहून अवघड आहे.

पैसे दोघांनी मिळून मोजायचे. रोज. संशय आला त्या दिवशीच मोजले तर मोजणं म्हणजे झडती होते. रोज मोजलं तर ते भाजी निवडण्यासारखं एक काम असतं. उरलेले पैसे “ठेव तुले” म्हणून देऊ नका. खाऊला पैसे द्यायचे तर वेगळे द्या, ठरलेल्या वारी. घरचं काम आणि बक्षीस एकाच मुठीत आलं की पुढे “काय देशील?” विचारल्याशिवाय पोरगं हलत नाही. माझ्या ओट्यावर अशा पोरांच्या आया येऊन तक्रार करतात, आणि सवय लावलेली त्यांचीच असते.

पैसे कमी भरले तर? ज्याचं उत्तर तुम्हाला माहीत आहे असा प्रश्न विचारू नका. “५ रुपये कुठं गेले, खरं सांग” हा प्रश्न नाही, सापळा आहे. त्यात सापडलेलं लेकरू खोटंच बोलणार, कारण तुम्ही दुसरी वाट ठेवलेली नाही. म्हणा, “५ कमी आहेत. चाल, दुकानापर्यंत जाऊन येऊ.” वाटेतच बहुतेक वेळा खरं बाहेर पडतं, चालताना तोंडाकडे बघावं लागत नाही म्हणून. दुकानात आलात तर तुम्ही बोलू नका, त्याला बोलू द्या. मी पंधरा जणांसमोर “काय रे चोरा” म्हणणार नाही एवढी खातरी माझी.

ही अक्कल मला पोराच्या पाठीवर मारून आली आहे. मुलगा चौथीत होता. गल्ल्यातले १० रुपये गेले आणि त्याच्या बोटांना आलूपोंग्याचं तिखट. गिऱ्हाइकांसमोर दोन थपडा दिल्या. त्याने कबूल केलं, नाक ओढत माफी मागितली. त्यानंतर चार महिने गल्ला बरोबर जुळत होता आणि मी सगळ्यांना सांगत होते, एकदा मारलं, सुधारला. मग एका रात्री माल मोजताना बिस्किटाचे पुडे कमी. पुन्हा मोजले, कमीच. मी आत पोळ्या करायला गेले की तो दुकानावर बसायचा, पुडा विकायचा आणि पैसे गल्ल्यात टाकायचाच नाही. गल्ला जुळत होता कारण पैसे त्यात पडतच नव्हते. मी त्याला चोरी सोडायला शिकवलं समजत होते, तो बिचारा हिशेब शिकला होता.

लेकीने नंतर सांगितलं की व्हिक्टोरिया तलवार आणि कांग ली या दोघांनी २०११ मध्ये हेच छापलंय. पश्चिम आफ्रिकेतल्या दोन शाळांतली ३-४ वर्षांची मुलं. एका शाळेत छडी-थपडा, दुसऱ्या शाळेत मार नाही. प्रत्येकाला सांगितलं, मागे खेळणं आहे, वळून बघू नको. वळून जवळपास सगळ्यांनीच पाहिलं. पण मार खाणाऱ्या शाळेतली मुलं जास्त खोटं बोलली, आणि वर उलटतपासणी केली तरी ते खोटं जास्त सफाईने सांभाळलं. “तुझं नाव असतं तर बरं झालं असतं त्यात,” ती म्हणाली. मी तिला चहा दिला नाही त्या दिवशी.

पुढचं त्याच्या बाबांनी केलं. ओरडले नाहीत. रविवारी दुकान त्याच्या ताब्यात दिलं, सकाळी माल मोजून, रात्री माल आणि गल्ला दोन्ही मोजून. “चुकलं तर चुकलं म्हण, मी बी चुकतो,” एवढंच सांगितलं आणि पहिल्या रविवारी स्वतःचीच ७ रुपयांची चूक वहीत लिहून दाखवली. लगेच फरक पडला असं नाही. दोनदा पुन्हा कमी भरलं. दुसऱ्यांदा तो स्वतःहून म्हणाला, “२ माझ्याकडं आहेत.” आज तो बुटीबोरीला कंपनीत स्टोअरमध्ये आहे. काम काय, तर माल मोजणं.

आता तेलाचं. लेकराच्या हातून पाकीट निसटतं, माझ्या ओट्याखालीच किती फुटले असतील. एक आई लिटरभर फल्लीतेल सांडलं म्हणून पोराला घरापर्यंत बडवत नेताना मी पाहिली. त्याच पोराने आदल्या आठवड्यात ५ रुपयांचं खोटं सांगितलं होतं, ते तिने “जाऊ द्या, पाचच तर” म्हणून सोडलं होतं. पोराने यातून काय घ्यायचं? दीडशेचं नुकसान मोठं पाप, पाचाचं खोटं लहान. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ पियाजे १९३२ च्या पुस्तकात मुलांना दोन पोरांची गोष्ट विचारतात: एकाच्या हातून दार ढकलताना नकळत १५ कप फुटतात, दुसऱ्याच्या हातून चोरून जॅम काढताना एक. जास्त वाईट कोण? सहा-सात वर्षांची पुष्कळ मुलं सांगतात, १५ वाला. मोठी होताना ती हेतू बघायला शिकतात. पण घरातली मोठी माणसंच जर फुटलेले कप मोजत बसली तर शिकायचं कुणाकडून? तेल सांडलं तर फडका आणि राख द्या त्याच्या हातात, पुसायला लावा. खोटं सापडलं तर मात्र बसून बोला, रक्कम कितीही असो.

शब्द पाळण्याबद्दल थोडं. “रविवारी महाराजबागेत नेतो” असं गल्ल्यासमोर उभं राहून सांगणारे बाप मला आठवतात आणि सोमवारी त्यांच्या पोरांची तोंडंही. रोचेस्टर विद्यापीठात सेलेस्ट किड यांनी आधी काही मुलांना चांगले रंग आणून देतो म्हणून दिले, काहींना ‘सॉरी, नाहीत’ म्हटलं. मग प्रत्येकासमोर एक मार्शमेलो, म्हणजे मऊ गोड खाऊ, ठेवून सांगितलं, न खाता थांबलास तर दोन. शब्द पाळलेला पाहिलेली मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली, दुसरी ३. आमच्या दुकानात हे असं दिसतं: ज्याला घरी शनिवारी ठरलेले ५ रुपये शनिवारीच मिळतात, तो बुधवारी बरणीकडे बघून पुढे जातो. ज्याला कधी २० मिळतात, कधी धपाटा, तो मिळेल तेव्हा सगळं उडवतो. मीही तेच केलं असतं.

आणि तुम्ही ओट्यावर कसे उभे राहता ते पोरगं थैली धरून बघत असतं. मी चुकून ५० जास्त दिले तर तुम्ही काय करता. बोट धरलेलं असताना “लवकर चल” म्हणून निघालात तर माझे ५० गेले, पण तुमचे त्याहून जास्त गेले असं मी मनात म्हणते. उधारी मागायला मी दारात गेले की लेकराला पुढे करू नका. ‘बाबा म्हणतात बाबा घरी नाहीत’ हा लोकांना विनोद वाटतो. मी ते पोरगं पाहिलेलं आहे, ते पायाच्या अंगठ्याने फरशी घासत असतं. महिना ओढाताणीचा असेल तर त्याच्यादेखत मला सांगा, “काकू, दहा तारखेला देते.” मी आजवर कुणाला नाही म्हटलेलं नाही. दोघांना म्हटलं. ते वेगळं प्रकरण आहे.

क्यूआर कोड माझ्याकडेही लटकवलेला आहे, नाकारून धंदा होत नाही. पण आया आता घरूनच पैसे पाठवतात आणि पोरगं नुसती थैली घेऊन येतं, कुरिअरवाल्यासारखं. त्यात मोजायचं काही नाही, सांभाळायचं नाही, मोह नाही. आठवड्यातले दोन दिवस तरी नोट देऊन पाठवा.

तान्ह्या पोळ्याचंही तसंच. लाकडी बैल सजवून पोरं घरोघर येतात, बोजारा म्हणजे खुशीचे पैसे मिळतात. संध्याकाळपर्यंत एकेकाकडे शे-दोनशे जमतात आणि रात्री आई ते ‘जपून ठेवते’ म्हणजे गॅसच्या सिलिंडरला जातात. घरची अडचण असेल तर तसं सांगून, वहीत लिहून उसने घ्या. नसेल तर ते त्याच्याकडे राहू द्या, अर्धे फटाक्यात गेले तरी जाऊ द्या. त्याच सकाळी आपण महालात मारबतीच्या पुतळ्याच्या मिरवणुकीत ‘घेऊन जा गे मारबत’ ओरडून जगभरची इडापिडा शहराबाहेर पाठवतो, आणि रात्री लेकराचे पैसे न विचारता उचलतो. पुढे तो आपल्या पर्समधून न विचारता घेतो तेव्हा कुठून शिकला म्हणून कपाळावर हात.

बारा-तेरा वर्षांचं झालं की महिन्याच्या किराण्याची यादी त्याच्याकडून करून घ्या आणि ठरलेल्या पैशात बसवायला सांगा. साबण स्वस्तातला घेऊन भुजिया महागातला आणेल. आणू द्या. महिनाभर तोच साबण सगळ्यांनी वापरायचा.

सगळ्यांच्या बाबतीत हे जमतं असं मी सांगत नाही. सहावीतला एक पोट्टा आहे. दिवाळीनंतर त्याने दोन मोठी चॉकलेटं खिशात घातली, २० रुपयांची. मी पाहिलं, त्याने मी पाहिलेलं पाहिलं. गर्दी गेल्यावर वहीचं नवीन पान काढलं, त्याचं नाव लिहिलं, पुढे २०, आणि वही त्याच्याकडे फिरवली. तो बराच वेळ नावाकडे बघत होता. मग म्हणाला, “आईले सांगान?” मी म्हटलं, “खातं तुझं आहे.” त्याच्या आईला सांगायला हवं होतं का, याच्यावर मी आणि लेक फोनवर भांडलो आहोत. ती म्हणते हवं. तिचं बरोबर असेल. घरी काय चालतं ते मला माहीत आहे, म्हणून नाही सांगितलं.

तो शनिवारी येतो. कधी २ रुपये देतो, कधी १, कधी नुसता पान दाखव म्हणतो. मागच्या दोन शनिवारी आला नाही. ११ बाकी आहेत.